दार आणि मोरी यांच्यामधली गाडी

सुधाकर, तुझ्या जाण्याने भारतीय रेल्वेच्या इतिहासातलं एक पर्व संपलं.

हे वाक्य माझं नाही. तुझ्या श्रद्धांजली सभेत डॉक्टरांनी ते म्हटलं, मग प्रमुख पाहुण्यांनी म्हटलं, आणि तिसऱ्या वक्त्याने 'आत्ताच सांगितल्याप्रमाणे' अशी सुरुवात करून तेच पुन्हा म्हटलं. भारतीय रेल्वेला याची कल्पना आहे की नाही, मला माहीत नाही. तू रेल्वेत एक दिवसही नोकरी केली नव्हतीस. तू विमा कंपनीत होतास, आणि तिथेही, तुझ्याच शब्दांत, मेलेल्यांची कागदपत्रं अपुरी आहेत असं जिवंतांना कळवणं हे तुझं काम होतं.

सभेसाठी डॉक्टरांनी बॅनर छापून घेतला होता. त्यात तुझ्या मागे एक वाफेचं इंजिन आहे, धूर सोडणारं, बहुतेक परदेशातलं, आणि तू त्या धुरातून प्रकट होतोयस. तुला वाफेची इंजिनं आवडत नसत. 'इंजिन कुणालाही आवडतं रे, त्यात काय,' असं तू म्हणायचास. तुझं प्रेम सिग्नल, कंदील, घंटा आणि कुलपं या वस्तूंवर होतं, म्हणजे गाडी चालवणाऱ्या नव्हे, तर थांबवणाऱ्या. विमा कंपनीतल्या माणसाला ते शोभत होतं.

आपलं संग्रहालय सुरू झालं त्याचा इतिहास सभेत बराच उजळून सांगितला गेला. 'एका ध्येयवेड्याने माळरानावर रोप लावलं' असं काहीतरी. माळरान म्हणजे मुलुंड पूर्वेची ती शाळा. मराठी शाळेतली मुलं संपली आणि खोल्या उरल्या, आणि त्यातल्या तळमजल्यावरच्या दोन, रुळांच्या बाजूच्या, आपल्याला रविवारपुरत्या मिळाल्या. फळ्यावर कुणीतरी लिहिलेला सुविचार अजून होता. तो पुसायचा की जतन करायचा, यावर आपली पहिली सभा झाली आणि निर्णय न होता संपली. तो अजून आहे.

आपण चौघं होतो. तू, मी, डॉक्टर आणि तावडे. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली, डॉक्टर दातांचे, आणि तावडे एकटेच खरे रेल्वेवाले. सिग्नलची देखभाल करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. रेल्वेबद्दल कसलीही हळवी भावना नसलेला आपल्यातला एकमेव माणूस तोच. ते आले ते तू नाहूर स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर त्यांना गाठून महिनाभर मागे लागलास म्हणून. 'आयुष्यभर केलं ते, आता परत कशाला?' असं ते आजही विचारतात, आणि दर रविवारी सगळ्यांच्या आधी हजर असतात.

आपल्याकडे इंजिन नाही. डबा नाही. आलेलं प्रत्येक मूल आधी विचारतं, गाडी कुठंय? तू त्याला खिडकीपाशी नेऊन बाहेरचे रूळ दाखवायचास आणि म्हणायचास, ही काय, आपलीच आहे, फक्त थांबत नाही. आया हसायच्या. मुलं तुझ्याकडे संशयाने बघायची, आणि मला ती मुलं आवडायची.

आणि मग ती दोन यंत्रं. देवनारच्या बाजूला एका भंगारवाल्याकडे तुला सापडली. लाल रंगाची, ओतीव लोखंडाची, कमरेएवढी. एकावर त्याने टेबलफॅन ठेवला होता आणि दुसऱ्यावर देवाचा फोटो. फॅनवालं लगेच दिलं त्याने. फोटोवाल्यासाठी फोटोला दुसरी जागा शोधून द्यावी लागली, ती तू शोधलीस, खिळा ठोकलास आणि वर फोटो सरळ लागला की नाही तेही बघून आलास.

ती यंत्रं काय करतात हे मी आतापर्यंत इतक्यांना सांगितलंय की तुला सांगायला संकोच वाटत नाही. एकच रूळ असलेल्या मार्गावर दोन स्टेशनं. दोन्हीकडे एकेक यंत्र, मध्ये तार. यंत्राच्या पोटात पोलादी गोळे. ड्रायव्हरच्या हातात गोळा असेल तरच त्याने गाडी पुढे न्यायची. पण स्टेशनमास्तरला आपल्या मर्जीने गोळा काढता येत नाही. त्याने बटण दाबून पलीकडची घंटा वाजवायची, पलीकडच्याने उत्तर द्यायचं आणि आपल्याकडचं बटण दाबून धरायचं, तेव्हा कुठे अलीकडची मूठ फिरते आणि गोळा घरंगळत बाहेर येतो. आणि एक गोळा बाहेर आला की दोन्ही यंत्रं बंद. तो गोळा दोन्हींपैकी कुठल्याही यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा निघत नाही. म्हणजे मधल्या रुळावर गाडी एकच.

आपण एक यंत्र दारापाशी ठेवलं आणि दुसरं शाळेच्या मोरीपाशी, कारण जागाच तेवढी होती. तेव्हापासून आपल्या मार्गावर दोन स्टेशनं, दार आणि मोरी. दार तुझं, मोरी माझी. यावरून मी तुला जे बोलायचं ते तेव्हाच बोलून घेतलं आहे.

उद्घाटनाला नगरसेवक आले होते. हा प्रसंग सभेत कुणी सांगितला नाही म्हणून इथे लिहिते. फोटोवाले समोर, नगरसेवकांचा हात मुठीवर, चेहऱ्यावर हसू, आणि मूठ फिरेना. मी मोरीपाशी उभी होते, पण घंटाच वाजली नव्हती, तर मी बटण कशाला दाबू? तू तसं बजावलं होतंस. ते हसू तसंच धरून म्हणाले, अहो ताई, सोडा की. मी तुझ्याकडे बघितलं. तू अत्यंत नम्रपणे त्यांना म्हणालास, 'साहेब, आधी घंटा वाजवून त्यांना विचारावं लागतं.'

त्यांनी विचारलं, कुणाला?

'मोरीला,' तू म्हणालास.

पुढच्या निवडणुकीत ते पडले. आपला त्याच्याशी संबंध नसावा.

आपलं एक भांडण राहून गेलं. ते चिठ्ठ्यांचं. मी प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी लावायचे. नाव, उपयोग, साधारण काळ. तू त्या उलट्या करून ठेवायचास. लोक चिठ्ठी वाचतात आणि वस्तू न बघता पुढे जातात, असं तुझं म्हणणं. मी ग्रंथपाल. माझ्या मते चिठ्ठी नसलेली वस्तू म्हणजे भंगार, आणि आपण ते तिथूनच आणलंय. बरीच वर्षं आपण एकमेकांशी न बोलता हे भांडलो. सकाळी मी सुलट्या करायचे, दुपारी तू उलट्या. आता त्या सगळ्या सुलट्या आहेत. जिंकल्यासारखं अजिबात वाटत नाही. तुझा मुद्दा बरोबर होता असंही वाटत नाही, उगाच खूश होऊ नकोस.

आणखी एक भांडण होतं, ते मात्र तू संपवलं होतंस. मी एकदा चिडून विचारलं होतं, की गोऱ्या साहेबाने कापूस बंदरात न्यायला टाकलेल्या रुळांचं तुला एवढं काय कौतुक? आपण यंत्राला तेल देत होतो. तू फडक्याला हात पुसत म्हणालास, 'कुंदा, त्याने कशाला टाकले ते त्याला विचार. मला आवडतं ते वेगळंच. दोन माणसं, एकमेकांना दिसत नाहीत, कदाचित पटतही नसेल, आणि तरी एकाने धरून ठेवल्याशिवाय दुसऱ्याला काही सोडता येत नाही. कुठल्या ऑफिसात बघितलंस असं?'

मी बघितलं नव्हतं. पुढे मी मोरीवरून घंटा वाजवून तुला चहा आल्याचं कळवायला लागले, तर तू उत्तर देईनास, कारण असा संकेत नियमात नाही. गार चहा प्यायलास, पण उत्तर दिलं नाहीस. अशा माणसाशी दर रविवारी जमवून घेणं सोपं नव्हतं. नोकरी सुटल्यावर रविवार हा वेगळा दिवस राहत नाही, माझा तो राहिला. हे तुला सांगायचं कधी सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी तू म्हणाला असतास, मोरीत उभं राहून राहून डोक्यावर परिणाम झालाय.

आठवडाभर त्या शाळेत कोण ना कोण असायचं. संध्याकाळचे क्लास, रखवालदाराचे पाहुणे. कुणी यंत्राशी खेळू नये म्हणून आपण एक रीत काढली. रविवारी निघताना एक गोळा बाहेर काढायचा आणि घरी न्यायचा. गोळा घरी, की यंत्रं बंद. जगातलं सगळ्यात जड कुलूप. एक रविवार तू न्यायचास, एक मी. तावड्यांना हे मुळीच मान्य नव्हतं. 'आमच्यात कुणी गोळा घरी नेला असता तर त्याला कायमचा घरी बसवला असता,' ते म्हणायचे. तरी आपण न्यायचो. नियमाचा भक्त असलेल्या तुझ्या हातून होणारा हा एकच नियमभंग, आणि तोही यंत्र सुरक्षित राहावं म्हणून.

त्या रविवारी गोळा तू नेलास. बुधवारी सकाळी तुझ्या छातीत दुखलं, आणि दुपारी वहिनींचा फोन आला.

पुढच्या रविवारी आम्ही शाळा उघडली. का उघडली माहीत नाही, घरी बसवत नव्हतं म्हणून. मी मोरीपाशी जाऊन सवयीने घंटा वाजवली. दारापाशी कुणी नव्हतं. मग लक्षात आलं, की असतं तरी उपयोग नव्हता. गोळा तुझ्याकडे होता.

सुतक संपल्यावर मी नाहूरला तुमच्या घरी गेले. गोळ्याबद्दल विचारायचं ठरवूनच गेले होते, खोटं कशाला बोलू. वहिनींनी चहा टाकला, मी आत देवाला नमस्कार करायला गेले, आणि गोळा समोरच होता. देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या शेजारी, ताम्हनात, तांदळांवर. हळदकुंकू वाहिलेला, वर जास्वंदीचं फूल.

झालं होतं असं. हॉस्पिटलात जातानाही तू गोळा बरोबर नेला होतास. हॉस्पिटलमधून आलेली तुझी पिशवी तुझ्या सांगलीच्या भावजयीने आवरली. तिला रुमालात गुंडाळलेलं काहीतरी जड, गोल, काळपट सापडलं. जाताना माणसाने शाळिग्राम जवळ ठेवला होता, या विचाराने ती रडली, आणि तिने तो देव्हाऱ्यात ठेवला. वहिनींनी तिला सांगितलं की त्यावर इंग्रजीत नंबर कोरलाय. ती म्हणाली, तीर्थक्षेत्राचा नंबर असेल.

'मला माहितीये हो काय आहे ते,' वहिनी म्हणाल्या. 'इतकी वर्षं एक रविवार सोडून एक रविवार फ्रीजवर बघितलाय. आंब्यांच्या दिवसांत खोक्यावर वजन म्हणून ठेवायचे हे, मांजर येऊ नये म्हणून.'

मी नमस्कार करून ओट्यापाशी आले.

'तुम्हाला हवा असेल ना, कुंदाताई?'

मी म्हणाले, मी आपली सहज आले होते.

त्यांनी कप विसळायला घेतले. म्हणाल्या, 'हे सांगायचे, गोळा बाहेर आहे ना, म्हणजे मध्ये कुठेतरी गाडी आहे. दिसत नसली तरी आहे. इथे जो येतो तो मला संपलं म्हणून सांगून जातो. राहू दे थोडे दिवस.'

मी पुस्तकांत आयुष्य काढलंय, आणि बायकांना सांत्वनाला काय सांगतात ते मला पुष्कळ माहीत आहे. त्यातलं काहीच त्या गोळ्याइतकं उपयोगाचं नव्हतं. मी चहा पिऊन परत आले.

इकडे डॉक्टरांनी सभा ठरवली होती. रेल्वेतले एक निवृत्त मोठे साहेब येणार, तुझ्या फोटोचं अनावरण करणार, आणि मग आदरांजली म्हणून यंत्रातून एक गोळा काढणार. यंत्र बंद आहे हे कळल्यावर डॉक्टर हादरले. तावडे म्हणाले, त्यात काय, गोळा हरवला तर त्याचीही रीत आहे, हरवला असं जबाबदार माणसाने सांगायचं, मग मेकॅनिकने पाठ उघडून दोन्हीकडचा हिशोब जुळवायचा. 'ताई, तुम्ही फक्त हरवला म्हणा. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन येतो. देव नाय हो त्याच्यात, स्प्रिंग आहे.'

पण गोळा हरवला नव्हता. तो ताम्हनात होता. आणि गोळा बाहेर असताना यंत्राची पाठ उघडायची नाही, ही तुझी एकमेव शपथ आम्हा तिघांना पाठ होती. तू कधी कारण दिलं नाहीस. बहुधा गोळा हातात घेऊन बिनधास्त निघालेल्या त्या काल्पनिक ड्रायव्हरचा तुला विश्वासघात वाटत असावा. दार ते मोरी एवढ्या मार्गावरचा ड्रायव्हर. तुला हसायला पाहिजे होतं मी तेव्हा, आणि आता तीच मी डॉक्टरांना सांगत होते की यंत्र उघडायचं नाही.

'अहो, एवढे मोठे लोक येणार आणि यंत्र बंद? काय सांगू मी त्यांना?'

'गाडी अजून पोचली नाही म्हणून सांगा,' मी म्हणाले.

डॉक्टर माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. रागाच्या भरात त्यांनी हे सगळं वहिनींना फोनवर ऐकवलं, हे मला नंतर कळलं. कुंदाताईंचा हट्ट बघा, काय उत्तर देतात बघा, असं.

सभेला वहिनी येणार नव्हत्या. तसं त्यांनी आधीच कळवलं होतं. संग्रहालयात त्या कधी आल्याच नव्हत्या. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाल्या होत्या, यांना आठवड्यातून एक जागा माझ्याशिवाय असू दे, आणि मलाही एक दुपार. तिसरा वक्ता पर्व संपवत असताना त्या मागच्या दाराने आत आल्या, आणि शेवटच्या बाकावर, म्हणजे मुलांच्याच बाकावर, हातात कापडी पिशवी घट्ट धरून बसल्या. फोटोचं अनावरण झालं. पडद्याची नाडी अडकली, ती डॉक्टरांनी दाताने सोडवली. टाळ्या झाल्या. तेव्हा वहिनी उठून पुढे आल्या आणि सरळ दारापाशी जाऊन यंत्राकडे बघत विचारलं, 'कुठून टाकायचा?'

डॉक्टर लगबगीने म्हणाले, साहेबांच्या हस्ते टाकू या, फोटोही निघेल. वहिनी म्हणाल्या, 'घरून मी आणलाय ना?' साहेब शहाणे होते, दोन पावलं मागे सरकले.

मी मोरीकडे जायला लागले, तर वहिनींनी मला थांबवलं. हळूच म्हणाल्या, 'तुम्ही मागितला असतात तर दिला नसता.'

मग गोळा दोन्ही हातांनी यंत्राच्या तोंडात ठेवला आणि म्हणाल्या, 'चला. दुसऱ्या कुणाला जायचं असेल.'

गाडी पोचली की घंटा द्यायची असते. किती ठोक्यांची, ते वहिनींना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी बटण दाबायला सुरुवात केली आणि त्या दाबतच राहिल्या. मी तोवर मोरीपाशी पोचले होते. माझ्या बाजूला घंटा वाजत होती, वाजत होती, कुठल्याही नियमात न बसणारी. सुधाकर, नियमाप्रमाणे अशा घंटेला उत्तर द्यायचं नसतं. तू दिलं नसतंस. कदाचित याच घंटेला दिलंही असतंस, मला आता ते कळायचा मार्ग नाही. मी तितक्याच वेळा वाजवून उत्तर दिलं. पहिल्या बाकावरची एक मुलगी कानात बोटं घालून बसली होती.

मग गोळा आत पडावा म्हणून वहिनींनी मूठ फिरवली. ती अर्ध्यात अडकली.

डॉक्टरांनी प्रयत्न केला, साहेबांनी केला. शेवटी तावडे उठले आणि त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. तो त्यांनी आणलाच होता. गोळा आत पडला होता की तोंडातच होता, म्हणजे पाठ उघडायला तुझी हरकत होती की नव्हती, यावर तू आणि ते संध्याकाळपर्यंत भांडला असता. त्यांनी कुणाला विचारलं नाही. सगळ्यांच्या देखत, तुझ्या फोटोखाली, पाठ उघडली, बोट आत घातलं, बाहेर काढून उजेडात धरलं.

'हळद,' ते म्हणाले. 'आणि तूप पण आहे थोडं.'

आता यंत्रं चालू आहेत. दारापाशी एक रविवार आड वहिनी असतात, बाकी वेळ तावडे. प्रत्येक गोळा थोडा पिवळा निघतो आणि बघायला आलेल्यांचे हात पिवळे होतात. तावड्यांचं म्हणणं, सगळं सुटं करून रॉकेलने धुतल्याशिवाय हे जाणार नाही. डॉक्टरांनी मुलुंडपासून माहुलपर्यंत चौकशी केली. माहुलला खनिज तेलाचे एवढे कारखाने आहेत, पण सुटं रॉकेल कुणीच विकत नाही.